मिठाची बरणी

ताईंचा हा तळहात बघा. रेषा शाई भरल्यासारख्या काळ्या. शेतात राबणारी बाई, ऊन लागलं असेल, असं घरच्यांना वाटलं. पण उन्हानं हाताची वरची बाजू रापते. आणि ऊन हिरड्यांपर्यंत कसं पोचेल? त्याही काळवंडल्यात.

आता ताईंचं ताट. भाजीवर वरून मीठ, कैरीवर मीठ, मधूनच नुसती चिमूट जिभेवर. वजन उतरत गेलं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी. रक्त कमी असेल म्हणून टॉनिकच्या बाटल्या रिकाम्या झाल्या.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क ग्रंथी बसलेल्या असतात, जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या. आजारपणात रक्तदाब आणि साखर सावरणारं कॉर्टिसॉल त्या बनवतात, शरीरातलं मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉनही. त्या निकामी झाल्या की मीठ लघवीवाटे निघून जातं. म्हणून ही बरणी. काळेपणाचं कारण मेंदूच्या बुडाशी आहे. तिथली पीयूषिका ग्रंथी एसीटीएच नावाचा सांगावा अधिवृक्क ग्रंथींना धाडते, कॉर्टिसॉल वाढत नाही म्हणून आणखी धाडते, आणि तो त्वचेतल्या रंगपेशींनाही जागं करतो.

लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये ११ रुग्णांची हकिगत छापली. त्यातल्या अनेकांच्या ग्रंथी क्षयानं पोखरल्या होत्या. म्हणून या विकाराचं नाव ॲडिसनचा आजार. आपल्याकडे क्षय आजही त्याचं मोठं कारण आहे. ताईंनाही क्षय होऊन गेलेला. जुन्या फाइलीत नोंद होती, पानं उलटायला कुणाला सवड नव्हती.

सकाळचे आठ. कॉर्टिसॉल सकाळीच सर्वांत जास्त असतं, म्हणून रक्त याच वेळी. मग एसीटीएचचं इंजेक्शन, २५० मायक्रोग्रॅम. अर्ध्या तासानं पुन्हा रक्त, तासानं पुन्हा. निरोगी ग्रंथी एवढ्यात खडबडून उठते. ताईंचा आकडा जागचा हलला नाही.

आता हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधातलं कॉर्टिसॉल. मोठा हिस्सा उठल्याउठल्या, उरलेला दुपारी. मीठ धरायला फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी वेगळी. ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट. उलट्यांनी गोळी टिकली नाही तर १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन लगेच, नाहीतर रक्तदाब कोसळून जीव जातो.

असाच त्रास दुसऱ्या वाटेनंही येतो. या पुड्या नीट बघा. सांधेदुखीवर 'गुण येतो' म्हणून महिनोन्‌महिने घेतलेल्या पुडीत स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखं औषध, निघालं, तर शरीराची स्वतःची ग्रंथी झोपी गेलेली असते. पुडी एकदम बंद केली की तोच थकवा, तीच अंधारी. तळहात मात्र काळा पडत नाही, त्यामुळे ओळखणं आणखी कठीण.

ताईंच्या पाकिटात हे कार्ड. 'मी बेशुद्ध असले तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्या.' मुलीनं मराठीत लिहिलंय, ठळक अक्षरात. एसटीच्या पासामागे नको, पुढे ठेव, म्हणते ती.