फाटक कुठं लावायचं?

मंडळी, नवरात्रात दर्शनाच्या बारीला उभे राहणारे स्वयंसेवक समोर बसलेत आणि मी सुरुवात करतोय अमेरिकेतल्या डिस्नेलँडपासून. कारण आहे त्याला. 17 जुलै 1955 ला ते उघडलं. पहिला दिवस फक्त निमंत्रितांचा होता. पण खोटे पास निघाले आणि ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं आत शिरली. नुकत्याच टाकलेल्या डांबरात बायकांच्या सँडलच्या टाचा रुतत होत्या, खाणं संपलं होतं. आत किती मावतील याचा हिशेब आधी करावा लागतो, हे त्या धंद्याला पहिल्याच दिवशी कळलं.

मावणं म्हणजे नुसती जागा नव्हे. पाळण्यात तासाला किती बसतात, खानावळीत किती जेवतात, रस्त्यावर किती चालतात, याची ती बेरीज असते. एखादा मोठा पाळणा बिघडला की त्याची सगळी रांग रस्त्यावर येते, म्हणजे तेवढ्या वेळापुरती जागा कमी झाली असंच धरायचं.

डिस्नेच्याच फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडम या पार्कात नाताळ ते नववर्ष या दिवसांत फाटक टप्प्याटप्प्यानं बंद होत आलंय. आधी थांबतात ते बाहेरून ऐनवेळी आलेले. डिस्नेच्याच हॉटेलात उतरलेल्यांना अडवतात ते सगळ्यांत शेवटी. गाड्या पार्किंगच्या अलीकडेच वळवतात, शेजारच्या दुसऱ्या पार्काकडे पाठवतात. संध्याकाळी लेकरंबाळं घेऊन माणसं परतायला लागली की पुन्हा प्रवेश सुरू. 2020 मध्ये कोविडच्या बंदीनंतर उघडताना त्यांनी तारीख आधी नोंदवायला लावली. म्हणजे माणूस फाटकावर नाही, घरीच थांबला.

मला तुम्हाला सांगायचंय ते एवढंच आहे. फाटकावर अडवलेली गर्दी थांबत नसते. पुढच्याला फाटक दिसतं, मागच्याला दिसत नाही, तो चालतच राहतो. एका चौरस मीटरात चार माणसं असली तर हलता येतं. सहा-सात झाली की माणूस स्वतःच्या पायावर राहत नाही, गर्दी हेलकावते तसा हेलकावतो. चेंगराचेंगरीत बहुतेक जीव जातात ते श्वास कोंडून, उभ्या उभ्या सुद्धा. जानेवारी 2005 मध्ये मांढरदेवीला नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर जवळपास 300 माणसं गेली.

मी नऊ वर्षांचा असताना आईबरोबर एका यात्रेला गेलो होतो. गाव सांगत नाही. दर्शनाचं दार अचानक लावलं. माझं तोंड पुढच्या म्हाताऱ्याच्या धोतरात दाबलं गेलं, पाय जमिनीला लागेनात. आईनं माझा दंड धरला होता. कुणीतरी मला उचलून डोक्यांवरून बाजूच्या कट्ट्यावर दिलं. आई पाऊण तासानं आली. काचेच्या बांगड्या फुटून मनगटात रुतल्या होत्या आणि तिला ते कळलंही नव्हतं. चूक दार लावणाऱ्याची नव्हती. दार लावणार आहेत, हे मागं सांगायला कुणी ठेवलंच नव्हतं.

आपल्याकडं चांगलं उदाहरण नाही असं नाही. अजिंठ्याला जाताना गाड्या फर्दापूरच्या तिठ्यावरच थांबतात, तिथून चार किलोमीटर बसनं जायचं. ते केलं लेण्यांजवळ धूर नको म्हणून. पण गर्दीच्या दृष्टीनं बघा, खरं फाटक लेण्यापासून चार किलोमीटर अलीकडं आलं. बस किती सोडायच्या हे हातात राहिलं.

तुळजापूरला कोजागरीच्या पौर्णिमेला सोलापूरकडून माणसं चालत येतात. "आता आत जागा नाही, दोन तास लागतील" हे वाटेवरच्या तामलवाडी गावातच कळलं तर तो झाडाखाली बसेल, भाकरी सोडेल, पाय चेपेल. तेच महाद्वारात कळलं तर मागं कुठं फिरणार तो? अनवाणी आलेल्या माणसाला खोटं सांगू नका. "पाच मिनिटं, पाच मिनिटं" म्हणत दोन तास उभं केलं की तो तुमचं पुढचं काहीच ऐकत नाही.

आणि मोजणारा माणूस येण्याच्या दारावर ठेवता तसा बाहेर पडण्याच्या दारावरही ठेवा. शंभर बाहेर गेल्याचा निरोप आला की शंभर आत. निरोप आला नाही तर दोरी सोडायची नाही, मग समोर आपला मामा असो की आमदार.