शिकाऊ उमेदवाराला शिकवायचं कोणी?

(दृश्य: वास्कोतलं एक वर्कशॉप. बाहेर जूनचा पाऊस. आत लेथवर दोघे जण.)

मासेमारी बंदी लागली की गोव्यातले ट्रॉलर धक्क्याला लागतात आणि वर्कशॉपांची धांदल सुरू होते. 1 जून ते 31 जुलै, एवढीच मुदत. तेवढ्यात शाफ्ट उतरवायचे, बुश बदलायचे, झिजलेलं कपलिंग नव्यानं कातून बसवायचं. ऑगस्ट उजाडला की बोट समुद्रात हवी.

लेथवरचा मुलगा आयटीआयतून टर्नर होऊन आलाय. चार जॉच्या, म्हणजे चार जबड्यांच्या, चकमध्ये त्यानं कपलिंग धरलंय आणि ते बरोबर मध्यावर आहे का, हे बघायला काट्याचं माप, म्हणजे डायल, लावलाय. चक हातानं हळूच फिरवतो. काटा चाळीस घरं पळतो, म्हणजे 0.40 मिलिमीटर. तो पान्यानं जॉ आवळतो, काटा चाळीस घरं परत आणतो आणि पुन्हा फिरवून बघतो. आता जॉब, म्हणजे ते कपलिंग, तेवढंच दुसऱ्या बाजूला गेलेलं असतं.

शेजारी उभे असलेले वयस्कर मेस्त्री इतका वेळ काही बोललेले नाहीत.

"निम्मं घे. चाळीस दिसले तर वीसच सरकव. आणि आधी समोरचा जॉ सैल कर."

"दादा, आता बसला काय?"

"माझ्याकडे काय बघतोस? डायल बघ."

तिसऱ्या खेपेला काटा जवळजवळ जागचा हलत नाही. या सगळ्याला दहाएक मिनिटं गेली. मेस्त्रींनी स्वतः हा जॉब दोन मिनिटांत बांधला असता, आणि बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेलं होतं. तरीही ते थांबले. ही जी आठ मिनिटं आहेत ना, त्यांच्याबद्दल आम्हाला बोलायचं आहे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा, योजना, पोर्टल, अनुदान हे सगळं शेवटी या आठ मिनिटांसाठी उभं केलेलं आहे.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. मग वेर्णा औद्योगिक वसाहतीचं फाटक, पाळी बदलण्याची वेळ.)

शिकाऊ उमेदवारांचा कायदा 12 डिसेंबर 1961 चा. बरोबर एका आठवड्यानं, 19 डिसेंबरला गोवा मुक्त झाला. त्यानंतर गोव्यात औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, वास्कोतल्या पोर्तुगीज काळातल्या दुरुस्ती गोदीची गोवा शिपयार्ड झाली, पणजी, म्हापसा, डिचोली, फर्मागुढी, मडगाव, वास्को, काकोडा इथे आयटीआय आल्या.

त्याआधी गोव्यात कारागिरी शिकवली जात नव्हती असं कोण म्हणेल? डिचोलीच्या कुंभारांची मडकी, कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचं लाखेचं काम, सोनारांचे दागिने, देवळांच्या खांबांवरचं कोरीवकाम. हे सगळं कोणाच्या तरी हाताखाली बसूनच पुढे आलं. पण हाताखाली कोण बसणार, हे जन्मानंच ठरलेलं असायचं. सोनाराचा मुलगा सोनाराकडे, सुताराचा सुताराकडे. दुसऱ्याच्या मुलाला तिथे जागा नव्हती, आणि मुलींचा तर विचारच नव्हता. आज सत्तरीतल्या धनगरवाड्यावरची मुलगी इलेक्ट्रिशियनचा करार करून कारखान्यात पाऊल ठेवू शकते, हे या कायद्यानं दिलेलं आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूदही त्यात आहे. जुन्या पद्धतीचे गोडवे गाताना आपण हे विसरतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता मालकांसाठी हिशेब. ज्या आस्थापनेत 30 किंवा त्याहून जास्त माणसं आहेत, तिथे शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. किती घ्यायचे? एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के, आणि या मनुष्यबळात कंत्राटी कामगारही धरायचे. म्हणजे वेर्ण्यातल्या दोनशे माणसांच्या कंपनीनं कमीत कमी पाच जण घ्यायला हवेत, वाटलं तर तीसपर्यंत. 4 ते 29 माणसांच्या छोट्या कारखान्यावर सक्ती नाही, पण त्यालाही दार उघडं आहे. 2019 च्या नियमांनी आयटीआय पास उमेदवाराचं किमान विद्यावेतन महिन्याला 7,000 रुपये ठरवलं, दुसऱ्या वर्षी त्यावर दहा टक्के वाढ. 2016 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाचा पाव हिस्सा उचलतं, जास्तीत जास्त 1,500 रुपये. त्या दरानं मालकाच्या खिशातून गेले 5,500. पदवीधर आणि डिप्लोमावाल्यांसाठी वेगळी राष्ट्रीय योजना आहे, तिचं आपल्या भागाचं काम मुंबईच्या मंडळाकडून चालतं.

नेमका इथेच घोळ होतो. 5,500 रुपयांत महिनाभर माणूस मिळतोय, असं ज्याच्या डोक्यात बसलं, त्याच्याकडे मुलगा वर्षभर पेट्या उचलतो, चहा आणतो, झेरॉक्स काढतो. वर्ष संपतं, प्रमाणपत्र मिळतं, हातात काही नसतं. असे कितीतरी तरुण-तरुणी गावोगाव भेटतील. त्यांच्या आईवडिलांना विचाराल तर ते म्हणतात, "काय उपयोग झाला? सरकारी नोकरीचा फॉर्म भरला असता तर बरं." आणि त्यांचं काय चुकलं? मुलाचं एक वर्ष गेलं ते त्यांच्या घरातून गेलं.

कायदा मात्र या बाबतीत फार स्पष्ट आहे. शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. त्याला नगावर पैसे देता येत नाहीत. उत्पादनाच्या बोनसच्या योजनेत त्याला ओढता येत नाही. सरकारनं नेमलेल्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्याला ओव्हरटाइमला थांबवता येत नाही, आणि प्रशिक्षणाच्या किंवा जनतेच्या हिताचं असल्याखेरीज ती मंजुरीही मिळत नाही. हे नियम लिहिणाऱ्यांना कारखाना चांगला माहीत होता. नग मोजायला लागलो की शिकणं मागे पडतं, हे त्यांनी ओळखलं आणि शिकणाऱ्याचा वेळ राखून ठेवला.

शिकवणाऱ्याचा वेळ मात्र कोणीच राखून ठेवला नाही.

(दृश्य: कारखान्याच्या भिंतीवरचा उत्पादनाचा फलक. खडूनं लिहिलेले आकडे.)

या फलकाकडे बघा. मशिनवर आज किती नग व्हायला हवेत, किती झाले, कोणाचे कमी पडले. मेस्त्रींच्या नावापुढेही आकडा आहे. सोबत शिकाऊ मुलगा दिला म्हणून तो आकडा एकानंही कमी झालेला नाही. मग मेस्त्री काय करणार? "बाजूला उभा राहा, बघत राहा" एवढंच सांगणार. वाईट स्वभावामुळे नव्हे. संध्याकाळी जाब त्यांनाच द्यावा लागतो.

प्रशिक्षणाची जबाबदारी त्या कामात पात्र असलेल्या माणसावर सोपवणं, हे मालकाचं कर्तव्य म्हणून कायद्यात लिहिलेलं आहे. कागदावर ते नाव असतंही, बहुतेक वेळा मनुष्यबळ विभागातल्या कोणाचं तरी. प्रत्यक्षात शिकवतो तो मशिनवरचा माणूस, आणि त्याचं नाव कुठेच नसतं. आमचं मालकांना कळकळीचं सांगणं आहे: दिवसातला एक तास धरा, दीड तास धरा, पण तो पाळीच्या वेळेत धरा आणि तेवढे नग फलकावरून कमी करा. त्या माणसाच्या पगारात शिकवण्याचे चार पैसे वेगळे दिसू देत. अनुदानामुळे वाचणारे 1,500 रुपये त्यालाच दिले तर? मालक लोक दचकतील, पण विचार करून बघावा.

शिकवणारी माणसं गोव्यात कमी नाहीत. खाणी 2012 मध्ये बंद झाल्या, थोड्या सुरू होऊन मार्च 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. त्या काळात डिचोली, सत्तरी, सांगे भागातले किती मेकॅनिक, वेल्डर, बार्जवरचे इंजिनवाले घरी बसले. आवाज ऐकून पंपाचं दुखणं सांगणारी ही माणसं, पण बऱ्याच जणांपाशी एकही प्रमाणपत्र नाही. कोणी टेम्पो घेतला, कोणी आखातात गेलं, कोणी काजूच्या बागेत रमलं. अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनांत आहे. ती या माणसांपर्यंत नेली, आणि नेमलेल्या प्रशिक्षकाच्या जोडीला त्यांना वर्कशॉपमध्ये उभं केलं, तर पाचदहा वर्षांत कायमचं हरवणारं ज्ञान निदान काही हातांत उतरेल.

(दृश्य: औषध कारखाना. पांढरे डगले, टोप्या. टेबलावर नोंदवही.)

आता दुसरं काम. इथे लेथ नाही, तेल नाही. गोव्यातली मोठी नोकरभरती औषध कंपन्यांत होते आणि तिथे शिकाऊ म्हणून येणाऱ्यांत मुली खूप आहेत. पहिल्याच आठवड्यात त्यांना एक गोष्ट शिकवली जाते: लिहिलं नसेल, तर ते काम झालंच नाही. गोळीचं वजन घेतलं, लगेच नोंद. आकडा चुकला तर व्हाइटनर नाही, गिरवणं नाही, पान फाडणं तर मुळीच नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, तीही अशी की खालचा आकडा वाचता यावा. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. शाळेत बारा वर्षं खाडाखोड नको म्हणून खोडरबर वापरलेल्या मुलीला हे अवघड जातं. शेजारची अनुभवी बाई पान वर करून दाखवते, "बघ गं, उद्या तपासणीला आलेल्या माणसाला तुझी चूक दिसली पाहिजे. ती लपवलीस तर अख्खी बॅच अडकेल." हे वळण लागलेली मुलगी कोणत्याही प्रयोगशाळेत उभी राहू शकते.

हॉटेलांचंही तेच. पर्यटनाच्या गोव्यात एसी दुरुस्त करणाऱ्याला काम कमी पडत नाही, पण गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावून पाइपांतली हवा आणि ओल पूर्ण काढायची असते, आणि त्याला वेळ लागतो. घाईतला माणूस ती पायरी गाळतो. त्याच्याबरोबर फिरलेला शिकाऊही मग ती जन्मभर गाळतो. वाईट उस्तादाकडे वर्ष काढणं हे न शिकण्यापेक्षा महाग पडतं.

छोट्या कारखानदारांची एक तक्रार नेहमीची आहे. "आम्ही शिकवायचं आणि त्यानं मोठ्या कंपनीत जायचं, नाहीतर बोटीवर." खरं आहे, जातात. गोव्यातला तरुण बोटीवर, म्हणजे परदेशी जहाजांवर नोकरीला, जाणं आजचं नाही. पण ज्या वर्कशॉपमध्ये नीट शिकवतात, तिथे पुढच्या वर्षी मुलं स्वतः विचारत येतात. आणि गेलेल्यांतला एखादा दहा वर्षांनी स्वतःचं वर्कशॉप घालतो, तेव्हा जास्तीचं काम आधी जुन्या मालकाकडे पाठवतो. कुंडई आणि मडकईच्या वसाहतींत अशी जाळी आपोआप विणली जातात. फलकावर मात्र ती दिसत नाहीत.

एक अडचण आहे, तिच्यावर भाषण नको, बस हवी. वाळपई किंवा काणकोणच्या मुलाला वेर्ण्यात सकाळची पहिली पाळी गाठायची तर त्या वेळेला पोचवणारी बस मिळणं मुश्किल. विद्यावेतनात वेर्ण्याला खोली भाड्यानं घ्यायची कशी? कायम कामगारांसाठी कंपनीची बस असते, तिच्यात शिकाऊंना जागा द्या. अनेक करार अर्ध्यावर सुटतात ते एवढ्याच कारणानं.

2023 पासून राज्य सरकारच्या मुख्यमंत्री अप्रेंटिसशिप योजनेत सरकारी खात्यांतही शिकाऊ घेतले जाऊ लागले. चांगली गोष्ट आहे. पण वर सांगितलेलं सगळं तिथेही लागू आहे. टेबलाशी बसवलेल्या मुलाला फाईल कशी फिरते, टिपण कसं लिहायचं, हे शिकवणारा अधिकारी नेमलेला नसेल, तर ते वर्ष सरकारी नोकरीची वाट बघण्यात जाईल.

(दृश्य: आयटीआयच्या सभागृहातला शिकाऊ उमेदवार मेळावा. मुलं रांगेत, हातात कागद.)

आता रांगेत उभ्या असलेल्या तुमच्याशी बोलतो. करारावर सही करण्याआधी तो शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदला जाणार आहे ना, हे विचारा. नोंदणी नसेल तर ती शिकाऊ उमेदवारी नव्हे, तोंडी कबुलीची नोकरी. महिन्यामहिन्याला काय शिकवणार, याचा आराखडा मागा. कोण शिकवणार, त्याचं नाव मागा, जमलं तर त्या माणसाला भेटूनच या. काम करताना इजा झाली तर भरपाई कामगारासारखीच मिळते, हे लक्षात ठेवा. शेवटी अखिल भारतीय परीक्षा द्यायची आहे, म्हणून रोज काय केलं ते वहीत लिहा. सुट्टी पडली तरी त्या दिवसाची ओळ लिहा.

करारात तशी अट नसेल, तर उमेदवारी संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी, असं मालकावर बंधन नाही. पण शिकाऊंना कामावर घेण्याबाबत स्वतःचं धोरण ठरवणं, हे 2014 च्या दुरुस्तीनं प्रत्येक मालकावर टाकलं आहे. ते धोरण काय आहे, हे पहिल्याच दिवशी विचारायचा तुम्हाला हक्क आहे. करारावरून वाद झाला तर तो शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नेता येतो, आणि त्याचा निर्णय पटला नाही तर 30 दिवसांत अपील करता येतं. गोव्यात याची चौकशी करायची तर पणजीत पाटोवर, श्रमशक्ती भवनात कौशल्य विकास संचालनालय आहे. जवळच्या आयटीआयत गेलात तरी चालेल.