यूएपीएमधला जामीन: ‘सुटला’ म्हणू नका हो!

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: “अतिरेक्यांना कसले मानवाधिकार?” एका दादांनी तर लिहिलंय, “ताई, तुमच्या घरचं कोणी गेलं असतं म्हणजे कळलं असतं.” दादा, राग समजतो. पण जामीन मागणारा आरोपी अतिरेकी आहे हे तुम्ही आधीच ठरवून टाकलंत. ते ठरवायलाच तर खटला असतो ना?

दहशतवादविरोधी कायद्यांचा इतिहास पटकन उरकते. टाडा १९९५मध्ये संपला. पोटा २००२मध्ये आला, २००४मध्ये गेला. आता आहे यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्यं (प्रतिबंध) कायदा. मूळ कायदा १९६७चा, पण दात फुटले ते २००४ आणि २००८च्या दुरुस्त्यांनी. २००८ म्हणजे २६/११ नंतर लगेच.

आता अडतं कुठे, तर कलम ४३डी, पोटकलम ५. एरवी जामीन देताना कोर्ट बघतं, हा पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावेल का. इथे आधी केस डायरी, म्हणजे पोलिसांची तपासाची नोंदवही, किंवा आरोपपत्र वाचायचं. आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला, की जामीन नाही. आणि जामिनाच्याच वटाली प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१९मध्ये सांगितलं, की या टप्प्यावर पुराव्याचा फार कीस काढायचा नाही. म्हणजे काय, तपास यंत्रणेने लिहिलेले कागद वाचायचे, आणि उलटतपासणी व्हायला अजून वर्षं आहेत. त्यात आरोपपत्रालाच १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते.

हे कडक आहे, आणि मला विचाराल तर थोडं कडक असायलाच हवं. साक्षीदार घाबरतात, धागेदोरे परदेशात असतात, तपासाला वेळ लागतो. कबूल.

पण आमच्या बाबांसारखं करू नका. टीव्हीवर कोणाला जामीन मिळाला, की बाबा रिमोट आपटतात: “बघ, सुटला!” बाबा, सुटला नाही, जामिनावर आला! केरळचं नजीब प्रकरण घ्या. प्राध्यापकाचा हात तोडल्याचा २०१०चा गुन्हा. आरोपी नजीब पाच वर्षांहून जास्त आत, आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी. सुप्रीम कोर्टाने २०२१मध्ये जामीन कायम ठेवला: खटला लवकर संपणार नसेल, तर कलम ४३डी असलं तरी राज्यघटनेचं कलम २१, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, जागेवर आहे. पुढे २०२३मध्ये काय झालं? हाच माणूस दोषी ठरला, जन्मठेप झाली. जामिनाने खटल्याचं काही बिघडलं का?

आता उलटं बघा. गुजरातमधल्या अक्षरधाम मंदिरावरचा हल्ला, २००२. पोटाखाली सहा जण दोषी, तिघांना फाशी, हायकोर्टातही कायम. मे २०१४मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. काही जण जवळजवळ अकरा वर्षं आत होते. त्या वर्षांचं काय करायचं? आणि माझा मुख्य मुद्दा तर पुढेच आहे: ज्यांनी खरंच कट केला असेल, त्यांना तेवढी वर्षं कोणी शोधलंच नाही. चुकीचा माणूस आत असणं ही सुरक्षेतलंच भगदाड आहे.

हो, आणि “कसाबला बिर्याणी” वाल्यांनो, प्लीज! कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याची ती गोष्ट मीच रचली होती, असं त्या खटल्यातले सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी स्वतः २०१५मध्ये सांगितलंय. कसाबला वकील मिळाला, दोन अपिलं झाली, दयेचा अर्ज फेटाळला गेला, २०१२मध्ये फाशी झाली. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले, तेही सुप्रीम कोर्टापर्यंत टिकलं.

मग तोल साधायचा कुठे? उत्तर कायद्यातच पडलंय. एनआयए, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या कायद्याचं कलम १९ म्हणतं, विशेष कोर्टातला खटला कामकाजाच्या प्रत्येक दिवशी, रोज चालवायचा, आणि त्या आरोपीवरच्या इतर कोर्टांतल्या खटल्यांच्या आधी. रोज! मग पाच वर्षांनी २७६ साक्षीदार उरतात कसे, हे कमेंटमध्ये कोणी मला विचारा ना. एकानेही विचारलेलं नाही.