पेपरची पेटी आणि मोजपट्टी

मंडळी, अमेरिकेतल्या फुटपाथवरची पेपरची पेटी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी निदान सिनेमात तरी पाहिली असेल. नाणं टाकायचं, दार ओढायचं, पेपर घ्यायचा. नाण्याने सुटते ती फक्त दाराची कडी. आत गठ्ठा तसाच उघडा असतो. एक घ्या नाहीतर दहा. तरी हा धंदा वर्षानुवर्षं चालला, कारण आजच्या पेपरच्या दोन प्रती घेऊन करणार काय? म्हणून पेटी साधी राहिली. पत्र्याची, स्प्रिंगच्या दाराची, वीज न लागणारी. आपल्याकडे पहाटे फुटपाथवर गठ्ठे सुटतात आणि पोरं पेपर घरोघर टाकतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला पडलाच नाही. तिकडे मात्र ही हलकी, स्वस्त पेटी कुणीही कुठेही आणून ठेवू लागलं.

मग काय होतं? पेटी वाऱ्याने पडू नये म्हणून दिव्याच्या खांबाला नाहीतर झाडाला साखळीने बांधतात. साखळी लांब असली की पेटी सरकत सरकत वाटेत येते. बोल्टने जमिनीत घट्ट बसवली, तर ती काढल्यावर बोल्टची टोकं वर राहतात आणि लोक ठेचकाळतात. बर्फावर टाकलेल्या मिठाने तळाचा पत्रा गंजतो. नाण्याची खाच तुंबते, काच फुटते. साप्ताहिक बंद पडतं, पेटी मात्र उभीच राहते आणि तिची कचरापेटी होते.

यावर पालिकेला पहिल्यांदा सुचतो तो उपाय म्हणजे परवाना. आणि तिथेच ती कोर्टात अडकते. क्लीव्हलँडजवळच्या लेकवूड गावाने वार्षिक परवान्याचा अधिकार महापौरांच्या हाती दिला. त्यात 'महापौरांना आवश्यक व योग्य वाटतील अशा इतर अटी' घालायचीही मुभा होती. १९८८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी हे अमान्य केलं. कुठला पेपर रस्त्यावर दिसावा हे एका माणसाच्या मर्जीवर ठेवता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ. महापौरांनी खरोखर कुणाला अडवलं होतं का, हा मुद्दाच नव्हता. अडवता येतं एवढंच पुरे झालं.

सिनसिनाटीची चूक वेगळी होती. तिथे १,५०० ते २,००० पेट्या होत्या. पालिकेने सुरक्षितता आणि शहराचं रूप ही कारणं देऊन त्यातल्या फक्त ६२ पेट्यांची परवानगी काढून घेतली. त्या जाहिरातवजा मासिकांच्या होत्या. १९९३ साली न्यायालयाने विचारलं तो प्रश्न कुणीही विचारला असता: फुटपाथ अडवण्याच्या बाबतीत या पेट्या बाकीच्यांपेक्षा वेगळ्या कशा? निकाल ६ विरुद्ध ३ असा पालिकेच्या विरोधात गेला.

म्हणून नियमाने आत काय छापलंय ते पाहू नये, टेप लावून मोजावं. न्यूयॉर्कचा कायदा मला या बाबतीत सर्वांत शहाणा वाटतो. तिथे परवानगी मागायची नसते. जागा कळवायची आणि पेटी नियमात बसते असं स्वतः लिहून द्यायचं. नियम सगळे फुटांत आहेत: आगीच्या बंबासाठीच्या नळापासून १५ फूट, सबवेच्या दारापासून १५ फूट, गाड्या आत-बाहेर करायच्या वाटेपासून ५ फूट, व्हीलचेअरसाठीच्या उतारापासून २ फूट. लोकांना चालायला ८ फूट मोकळे राहिलेच पाहिजेत. तळघराच्या झाकणावर आणि जाळीवर बंदी आहे, कारण तिथे बऱ्याच फुटपाथांखाली तळघरं आणि केबल असतात. पेटीवर मालकाचं नाव-पत्ता हवा. तो नसला तर नोटीस द्यायची कुणाला? दर चार महिन्यांतून एकदा तरी पेटीवर कुणी खरडलेलं पुसायचं किंवा पेटी रंगवायची. या अटींत पेपरचा मजकूर कुठेच येत नाही, आणि निरीक्षकाला मत बनवायला जागाही उरत नाही.

सौंदर्याचं काय? तेही चालतं, फक्त सगळ्यांना सारखं लागू हवं. फ्लोरिडातल्या कोरल गेबल्सने एकच रंग आणि अक्षरांचा एकच आकार सक्तीचा केला. १९९४ साली अपील न्यायालयाने तो नियम टिकवला. बोस्टनच्या बीकन हिल या जुन्या वस्तीत तर पेट्यांवर सरसकट बंदी आहे, आणि १९९६ साली तीही टिकली, कारण ती कुणा एका पेपरवर नव्हती.

सॅन फ्रान्सिस्कोने सुट्या पेट्यांऐवजी पायांवर उभा असलेला सामाईक कप्प्यांचा सांगाडा आणला. दिसायला छान, पण त्यात दोन खाचखळगे आहेत. एक म्हणजे उंची. अंध माणसाची काठी जमिनीलगत फिरते. कप्प्याचा तळ २७ इंचांहून वर असला तर काठी खालून निघून जाते आणि छाती कप्प्यावर आदळते. म्हणून अपंगांसाठीच्या अमेरिकी नियमांत २७ ते ८० इंच उंचीमधला भाग खांबाबाहेर १२ इंचांपेक्षा जास्त येऊ देत नाहीत. तळ २७ इंचांच्या आत ठेवला की ही मर्यादा लागत नाही. दारं आणि मुठी १५ ते ४८ इंचांत हव्यात, म्हणजे व्हीलचेअरवरून हात पोचतो.

दुसरा खळगा वाटपाचा. सुट्या पेट्यांच्या काळात जागा सगळ्यांना मिळायची, आता कप्पे मोजके. मागणारे जास्त झाले की लेकवूडचाच प्रश्न नव्या वेशात पुढे येतो: ठरवायचं कुणी? खपावरून ठरवलं तर मोठ्या पेपरचंच फावतं, छोटी साप्ताहिकं बाहेर पडतात. क्रम आधी छापलेला हवा, नाहीतर सरळ चिठ्ठ्या टाकाव्यात. आणि कप्पा रिकामा किती दिवस राहिला की परत घ्यायचा, तो आकडाही नियमात लिहायला हवा. तो नसला की बंद पडलेल्या पेपरच्या नावाचा कप्पा तसाच राहतो आणि त्यात कॉफीचे कप साठत जातात.