एका तासाचे वाटेकरी

(दृश्य: कॉलेजच्या व्हरांड्यातला नोटीस बोर्ड. टाचण्यांनी लावलेला छापील तक्ता, कडा पिवळ्या पडलेल्या. कॅमेरा वार, वेळ, विषय या रकान्यांवरून सावकाश सरकतो.)

उपग्रहाद्वारे शिक्षण म्हटलं की डोळ्यांसमोर श्रीहरिकोटा येतं, धुराचा लोट येतो, टाळ्या वाजवणारे शास्त्रज्ञ येतात. या माहितीपटात ते थोडंच दिसेल. आपण बघणार आहोत हा तक्ता. कोणता पाठ, कुठल्या वारी, किती वाजता. वाहिनी एक, स्टुडिओ एक, आणि त्या एका तासावर हक्क सांगणाऱ्या संस्था डझनभर. कुणाला पाठ बघायला मिळेल आणि कुणाचा राहून जाईल, हे गेल्या पन्नासेक वर्षांत बऱ्याचदा अशाच कागदांवर ठरलं आहे.

कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. शेजपाळीत, म्हणजे पाणी घेण्याच्या ठरलेल्या पाळीत, आपला नंबर कितवा, पाणी दिवसा येणार की रात्री दोनला, आणि टेलपर्यंत, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत, पोचणार का, यावर पीक ठरतं. धरण केवढं, हा प्रश्न त्यानंतरचा.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. गावातल्या शाळेबाहेर जाळीची मोठी अँटेना, समोर बसलेली मुलं.)

1 ऑगस्ट 1975. नासानं आपला एटीएस-6 हा उपग्रह भारताला एका वर्षासाठी वापरायला दिला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या 2400 गावांत दूरचित्रवाणी पोचली. ‘साइट’ (सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्सपेरिमेंट) या नावानं तो प्रयोग ओळखला जातो. महाराष्ट्रातलं गाव त्यात नव्हतं आणि कार्यक्रमही विद्यापीठाचे नव्हते. तरी आपली गोष्ट इथूनच सुरू होते, कारण वाटणीचा पहिला हिशोब इथे मांडला गेला.

प्रक्षेपण दिवसाला चार तास. त्यातला सकाळचा दीड तास शाळकरी मुलांचा. भाषा चार : हिंदी, कन्नड, उडिया, तेलुगू. नव्वद मिनिटांचे चार भाग केले की एकेका भाषेला येतात साडेबावीस मिनिटं. कार्यक्रम तेवढ्याच लांबीचे बनवायचे. मिनिटभर लांबला तर शेजारच्या राज्यातल्या मुलांचं मिनिट जाणार. चित्राची वाहिनी एकच होती, पण तिच्यासोबत आवाजाच्या दोन वाहिन्या होत्या. त्यामुळे गरज पडली तर एकच चित्र एकाच वेळी दोन भाषांत देता येई. वेळ वाढवता येत नसेल तर आवाज दुप्पट करा, ही युक्ती पुढे फारशी कुणी वापरली नाही याचं वाईट वाटतं. मराठीला तिचा फार उपयोग झाला असता.

31 जुलै 1976 रोजी हे वर्ष संपलं आणि एटीएस-6 परत गेला. त्या काळात अहमदाबादमधल्या इस्रोच्या स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटरचे संचालक होते प्रा. यश पाल. दहा वर्षांनी, 1986 मध्ये, तेच विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. तोवर आयोगाच्या हातात स्वतःचा एक तास आला होता.

(दृश्य: जुन्या धाटणीचा रंगीत टीव्ही संच, लाकडी कपाटात. पडद्यावर मुंग्या.)

15 ऑगस्ट 1984. आयोगाच्या अध्यक्षपदी माधुरी शहा. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या त्या माजी कुलगुरू. आदल्याच वर्षी अवकाशात गेलेल्या इन्सॅट-1बी वरून ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू झाला. लहान गावांतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना, जिथे ग्रंथालय तोकडं आणि प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, तिथे चांगल्यातलं चांगलं दाखवायचं, हा हेतू होता. तो मनापासूनचा होता.

कार्यक्रम तयार होत ते पुणे, अहमदाबादसारख्या विद्यापीठांतल्या माध्यम केंद्रांत. पुणे विद्यापीठाचं केंद्र त्या पहिल्या केंद्रांपैकी एक. सुरुवातीला परदेशी कार्यक्रमांचा वाटाही मोठा होता. टेप दिल्लीला जायच्या, आणि तिथे वीस-पंचवीस मिनिटांचे दोन-तीन कार्यक्रम जोडून एका तासाची ‘कॅप्सूल’ बांधली जायची. एखाद्या दिवशी प्रकाशाचं विवर्तन, पाठोपाठ मोगल वास्तुकला, शेवटी सागरी जीव. निवड करणाऱ्यांना सगळ्या विद्याशाखांना थोडं थोडं द्यायचं होतं. फिजिक्सच्या विद्यार्थ्याला मात्र आपला कार्यक्रम कुठल्या दिवशी, कितव्या मिनिटाला येणार, हे आधी कळल्याशिवाय त्या तासाचा उपयोग नव्हता.

आणि तो तास होता दुपारचा. पाऊण ते पावणेदोन. चार ते पाच पुन्हा.

हीच वेळ का? संध्याकाळ दूरदर्शनच्या बातम्यांची, मालिकांची, जाहिरातींची होती. दुपारी प्रक्षेपक रिकामे असत. उच्च शिक्षणाला मिळाला तो कुणालाच नको असलेला वेळ. सकाळच्या कॉलेजातली मुलं पाऊण वाजता एसटी स्टँडवर असत, दुपारची प्रॅक्टिकलला. आयोगानं कॉलेजांना टीव्ही संच दिले खरे, पण संचाची खोली उघडायची तर कुणाच्या तरी तासिकेतून वेळ काढावा लागे. आणि त्याच तासाला वीज असावी लागे. घराघरांतल्या गृहिणींनी आणि निवृत्त मंडळींनी हा कार्यक्रम आवडीनं पाहिला. त्याचा आनंद आहे. पण ज्यांच्यासाठी मांडव घातला, त्यांच्यातल्या अनेकांच्या वाट्याला तो आला नाही, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

(दृश्य: पहाट. खिडकीत उजाडतंय. स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटतो.)

1991 मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाला, म्हणजे इग्नूला, दूरदर्शनवर वेळ मिळाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी साडेसहा ते सात. आठवड्याला दीड तास, आणि त्यात सगळे अभ्यासक्रम.

साडेसहा ही वेळ कागदावर वाईट दिसत नाही. नोकरदार माणूस कामावर निघण्याआधी अर्धा तास बसेल, असं वाटतं. पण मुक्त विद्यापीठात नाव घातलेली विवाहित बाई त्या अर्ध्या तासात काय करत असते, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही घराला विचारावं. नळाला पाणी त्याच वेळी. डबे त्याच वेळी. मुलांची शाळा त्याच वेळी. तिनं अभ्यासाला बसायचं म्हणजे घरातल्या कुणीतरी उठून गॅसपाशी उभं राहायला हवं होतं.

(दृश्य: नाशिक, गंगापूर धरणाच्या वाटेवरचा यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा परिसर.)

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 चं. ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. संस्थापक कुलगुरू डॉ. राम ताकवले, पुढे ते इग्नूचेही कुलगुरू झाले. इथला विद्यार्थी नोकरी करणारा, शेती करणारा, संसार करणारा. बरीचशी अभ्यासकेंद्रं नेहमीच्या कॉलेजांतच, आणि वर्ग बहुधा सुट्टीच्या दिवशी. अशा विद्यार्थ्यांसाठी तक्ता आखायला बसलं म्हणजे काय होतं, ते जरा जवळून बघू.

(दृश्य: टेबलावर मोठा कोरा तक्ता. पेन्सिल, खोडरबर, विद्यापीठाची दिनदर्शिका.)

समजा, तुमच्या हातात आठवड्याला सहा तासांची उपग्रह-वेळ आहे. शिक्षणशास्त्र, वाणिज्य, संगणक, कृषी, सगळ्यांना हवी आहे. शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी स्वतः शाळेत शिकवतात, त्यांना पाचच्या आत काही चालत नाही. वाणिज्यवाल्यांना मार्चअखेर नको, ती ऑफिसातली हिशोब मिटवायची वेळ. कृषीच्या विद्यार्थ्यांना मृग लागल्यावर बोलावून उपयोग नाही, पेरणी सोडून कोण येईल? संगणकाच्या प्राध्यापकांना मुंबईहून नाशिकला यायचं, म्हणजे त्यांना एकाच दिवशी सलग दोन तास हवेत. रविवार सगळ्यांनाच हवा, आणि रविवारी स्टुडिओतला तंत्रज्ञ सुट्टीवर. गणपती, दिवाळी, परीक्षा, निवडणूक आणि तिच्यापायी वर्गखोल्यांत आलेली मतदान केंद्रं. पेन्सिल घ्यायची ती यासाठीच. पेननं लिहिलेला तक्ता दुसऱ्या दिवशी फाडावा लागतो.

आणि हे सगळं जुळलं तरी आकाश शिल्लक राहतं.

(दृश्य: गच्चीवरची डिश अँटेना, पाठीमागे पावसाळी ढग.)

20 सप्टेंबर 2004 रोजी एज्युसॅट अवकाशात गेला. वजन 1950 किलो, फक्त शिक्षणासाठी बनवलेला भारताचा पहिला उपग्रह. त्याआधी इन्सॅट-3बी वरून ज्या तीन विद्यापीठांत पथदर्शी प्रयोग सुरू झाला, त्यांत कर्नाटकचं विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ, भोपाळचं राजीव गांधी विद्यापीठ आणि आपलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ होतं. आता स्टुडिओतल्या शिक्षकाला दूरच्या वर्गातला विद्यार्थी उलट प्रश्न विचारू शकत होता, आणि दोघं एकमेकांना दिसतही होते.

राज्यांसाठीच्या झोतांना, म्हणजे उपग्रहाकडून राज्याराज्यांकडे येणाऱ्या लहरींना, केयू बँड हा लहरींचा पट्टा वापरला होता. छोट्या अँटेनेवर चालतो हा त्याचा गुण, आणि मुसळधार पावसात संदेश क्षीण होतो हा दोष. कोकणातल्या एखाद्या वर्गात जुलैच्या दुपारी चित्राचे चौकोन फुटायला लागले की समजावं, तळकोकणात धो धो लागला आहे. पाऊस वर्गाच्या डोक्यावर असेल तर तेवढा एक वर्ग तुटतो. मुख्य केंद्राच्या डोक्यावर असेल तर सगळ्यांचाच तास बुडतो.

दुसरी अडचण सूर्याची. एज्युसॅट 74 अंश पूर्व रेखांशावर उभा होता. पुण्याचा रेखांश जवळपास तोच. वर्षातून दोनदा, मार्चच्या पूर्वार्धात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, काही दिवस दुपारी साडेबाराच्या मागेपुढे सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीशी येतो. अँटेना उपग्रहाकडे बघते आणि तिला ऐकू येतो तो सूर्याचा गोंगाट. काही मिनिटं चित्र जातं. ही मिनिटं वर्षभर आधी काढता येतात. तक्ता करणारा जाणता असेल तर त्या दिवसांत दुपारचा तास सकाळी सरकवतो. नसेल तर विद्यार्थ्यांना वाटतं, यंत्र बिघडलं.

सगळ्यात अवघड वाटणी प्रश्नांची. पाठ एकाच वेळी शंभर वर्गांत जाऊ शकतो. प्रश्न मात्र एका वेळी एकाच वर्गातून येऊ शकतो. तासाची शेवटची वीस मिनिटं प्रश्नांना ठेवली आणि एकेका प्रश्नोत्तराला तीन मिनिटं धरली, तर सहा-सात वर्गांना संधी. बाकीचे ऐकतात. तास चालवणाऱ्यानं मनात ठेवून पाळी फिरवली नाही, तर दर वेळी शहरातली, इंग्रजी सराईत बोलणारी केंद्रंच आधी हात वर करतात आणि पुढच्या आठवड्यात मागच्या बाकावरचे वर्ग येईनासे होतात.

2010 मध्ये एज्युसॅट निवृत्त झाला. काम दुसऱ्या उपग्रहांवर न्यावं लागलं.

(दृश्य: सभागृहात प्राध्यापक बसलेले, समोर दोन पडदे. एकावर शिक्षक, दुसऱ्यावर स्लाइड्स.)

आयआयटी मुंबईनं याच सुमारास दुसरी वाट काढली. प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकारानं देशभरातल्या अभियांत्रिकी प्राध्यापकांच्या कार्यशाळा सुरू झाल्या. नावातच दहा हजार शिक्षकांचं उद्दिष्ट होतं. पवईतून मुख्य व्याख्यान, ते शेकडो दूरस्थ केंद्रांत एकाच वेळी, अमृता विद्यापीठानं बनवलेल्या ए-व्ह्यू या प्रणालीवरून. त्यांच्या नियोजनातला शहाणपणा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कार्यशाळा ठेवल्या सुट्ट्यांत, आणि प्रात्यक्षिकं ज्याच्या त्याच्या केंद्रावर, स्थानिक समन्वयकाच्या देखरेखीखाली. वाटून घ्यायची सामाईक वेळ तेवढी पवईकडून, बाकीची जागच्या जागी.

(दृश्य: घरातला टीव्ही, छतावर छोटी डिश. पडद्यावर फळ्यासमोर उभ्या प्राध्यापक.)

9 जुलै 2017, गुरुपौर्णिमा. स्वयंप्रभा या केंद्र सरकारच्या शैक्षणिक टीव्ही उपक्रमाच्या 32 वाहिन्यांचं उद्घाटन झालं. घरच्या छोट्या डिशवर, फुकट. इथे वेळापत्रक आखणाऱ्यांनी एक साधा नियम घातला : प्रत्येक वाहिनीवर रोज किमान चार तास नवा मजकूर, आणि तोच दिवसात आणखी पाच वेळा. चार सक चोवीस. सकाळी सहाला चुकलेला पाठ दहाला येतो, दुपारी दोनला येतो, संध्याकाळी सहाला येतो, रात्री दहाला येतो. शेवटचा पहाटे दोनला.

पुनःप्रक्षेपणाला कार्यक्रम बनवणारे लोक नाकं मुरडतात. नवीन काही नाही म्हणून तेच दाखवतात, असं म्हणतात. मला हे पटत नाही. साइटपासून स्वयंप्रभापर्यंत विद्यार्थ्याच्या घड्याळाला इतका मान दुसऱ्या कुठल्याच निर्णयानं दिलेला नाही. रात्रपाळीचा कामगार, बाळंतीण, हॉटेलात काम करून शिकणारा मुलगा, या सगळ्यांना एकच पाठ आपापल्या वेळेला.

(दृश्य: मोबाइलचा पडदा. व्हिडिओ चालू, खाली वेळेची रेघ पुढे सरकते आहे.)

आता रेकॉर्ड केलेले पाठ यूट्यूबवर आहेत, कधीही बघा. त्यांना तक्ता लागत नाही. पण शिक्षक अजून एकच आहे, त्याची संध्याकाळ एकच आहे. प्रयोगशाळा, जिथे दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यानं प्रत्यक्ष यायचं, ती नेहमीच्या विद्यार्थ्यांकडून मोकळी होईल तेव्हाच मिळते. थेट शंकानिरसनाचा तास आजही वाटूनच घ्यावा लागतो, आणि आजही तो सोयीनं दुपारी ठेवला जातो, कारण दुपारी शिक्षक कॉलेजात असतो.

तो संध्याकाळी साडेसातनंतर ठेवा. आठवड्यातला किमान एक मराठीत ठेवा. केंद्रांची पाळी आधी लिहून काढा आणि दर वेळी वेगळ्या केंद्रापासून सुरू करा. आणि तक्ता महिनाभर आधी लावा, मोबाइलवरही आणि व्हरांड्यातल्या बोर्डावरही, म्हणजे ज्याला रजा मागायची आहे त्याला मागता येईल.