वाक्य दाखवा: रहस्यकथा चारचौघांत वाचताना

नमस्कार मंडळी.

रहस्यकथा म्हटली की आपल्याला एकट्यानं, रात्री, अंथरुणात पडून वाचलेलं पुस्तक आठवतं. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड महाराष्ट्रानं असाच वाचला. पण जुनी रहस्य-लघुकथा मित्रमंडळींत बसून वाचली, तर तिची खरी ताकद कळते. 1905 साली जॅक फ्युट्रेल यांची 'द प्रॉब्लेम ऑफ सेल 13' बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात तुकड्यातुकड्यांनी छापली गेली आणि उलगडा सुचवणाऱ्या वाचकांसाठी बक्षीस ठेवलं गेलं. एक प्राध्यापक पैज लावून कोठडीत जातो. आठवड्यात बाहेर पडून दाखवीन म्हणतो. सोबत मागतो काय, तर दंतमंजन, पॉलिश केलेले बूट आणि 25 डॉलर. एवढ्या सामानावर लोक दिवसेंदिवस डोकं चालवत होते. आज आपल्याला करायचं आहे ते हेच: योग्य जागी थांबायचं आणि पुढचं पान उलटायच्या आधी विचार करायचा.

सुरुवात कोणत्या कथेनं करावी, असं विचाराल तर आमचं उत्तर ठाम आहे: आर्थर कॉनन डॉयल यांची शेरलॉक होम्स-कथा 'द रेड-हेडेड लीग', 'स्ट्रँड' मासिकाच्या ऑगस्ट 1891च्या अंकातली. जेबेझ विल्सन हा गहाणवटीचा दुकानदार. त्याचे केस लालभडक, आणि केवळ त्यामुळे त्याला लाल केसवाल्यांच्या एका संघात, म्हणजे 'लीग'मध्ये, नोकरी मिळते. रोज दहा ते दोन ज्ञानकोश हातानं उतरवून काढायचा, आठवड्याला 4 पौंड. शाई, टाक, टीपकागद स्वतःचे आणायचे. अट एकच: त्या चार तासांत इमारतीबाहेर पाऊल टाकलं की नोकरी गेली. साधारण आठ आठवड्यांनी एके दिवशी दारावर पाटी दिसते, लीग बरखास्त. शेवट आज सांगणार नाही, अजून वाचली नसेल त्यांच्यासाठी.

कथा सुमारे 9 हजार शब्दांची आहे. मिनिटाला दीडशे शब्दांच्या वेगानं मोठ्यानं वाचायला तासभर लागतो आणि चर्चेला वेळ उरत नाही. म्हणून पहिला भाग घरून वाचून यायचा. छापील प्रत थांब्यापर्यंतचीच द्यायची, उरलेली पानं बंद पाकिटात. फोनवर पूर्ण कथा पाठवू नका. बोट सरकतं आणि शेवट दिसतो. डॉयल यांच्या मूळ इंग्रजी कथांवर आता स्वामित्वहक्क नाही, प्रती बिनधास्त काढा. मराठी अनुवादाचं तसं नाही, तो हक्क अनुवादकाचा असू शकतो. पुस्तक विकत घ्या.

थांबा कुठे घ्यायचा, यावर सगळी संध्याकाळ अवलंबून असते. होम्स विल्सनच्या दुकानासमोरच्या फरशीवर काठी आपटतो, तिथल्या नोकराला रस्ता विचारतो, आणि सोबतच्या मित्राला, वॉटसनला, सांगतो की मी त्याच्या पँटचे गुडघे पाहिले. मग दोघे कोपरा वळून मोठ्या रस्त्यावर येतात. तिथे पाच जागा ओळीनं सांगितल्या आहेत: तंबाखूवाला, वर्तमानपत्रांचं दुकान, बँकेची शाखा, शाकाहारी भोजनगृह, गाड्या बांधणाऱ्याची वखार. त्यानंतर होम्स म्हणतो की आपलं काम झालं, आता सँडविच, कॉफी आणि व्हायोलिन. तिथेच थांबा. लेखकानं लागेल ते सगळं तोवर वाचकाच्या हाती दिलेलं असतं. त्याआधी थांबलात तर अंदाज म्हणजे निव्वळ तुक्का होतो; फार पुढे गेलात तर विचारायला काही उरत नाही. बैठकीत मोठ्यानं वाचायचा तो एवढाच प्रसंग, आणि सपाट आवाजात. त्या पाच जागांपैकी एकीवर जरी आवाज चढला, तरी सगळे माना वर करून बघतात आणि कोडं तिथेच फुटतं.

थांब्यानंतर दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकानं चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या: काय घडतंय, कोणत्या वाक्यावरून तसं वाटतं, आणि आपल्या अंदाजात न बसणारी एक गोष्ट. ही चिठ्ठी टाळली तर पहिला ठामपणे बोलणारा सगळ्यांना आपल्यामागे ओढून नेतो. यातली मधली गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. 'मला आतून वाटतंय' चालणार नाही. वाक्य दाखवा. चर्चा अडली तर हिशेब मांडा: आठवड्याला 4 म्हणजे आठ आठवड्यांत 32 पौंड. ते कुणी सोसले, आणि ज्ञानकोशाची नक्कल कुणालाच नको असेल तर नेमकं विकत काय घेतलं?

एक खड्डा मात्र आधीच दाखवून ठेवा. विल्सनला मिळालेल्या नोकरीच्या जाहिरातीची तारीख कथेत 27 एप्रिल 1890 आहे, वॉटसन म्हणतो दोनच महिने झाले, आणि बरखास्तीची पाटी 9 ऑक्टोबरची. हा धागादोरा नाही, डॉयल यांची चूक आहे. सांगितलं नाही तर गटातला सगळ्यांत बारकाईनं वाचणारा माणूस अर्धा तास त्यातच अडकतो, आणि त्याच्यावर हा अन्याय आहे.

ज्यांना शेवट ठाऊक आहे त्यांनी अंदाज बांधायचा नाही. त्यांना वाक्यं शोधून द्यायचं आणि घड्याळ सांभाळायचं काम द्या. टीव्हीवर पाहिलेल्यांनाही सांभाळा: 1985च्या ग्रॅनडा टीव्हीच्या होम्स मालिकेत या कथेत होम्सचा कट्टर शत्रू मोरिआर्टी आणला आहे, मूळ कथेत तो नाही.

आता भाषेचा प्रश्न, आपल्यासारख्या परदेशातल्या गटाला तो येणारच. मुलं इंग्रजीत वाचून येतात, आजी-आजोबा मराठीत. 'रेड-हेडेड लीग'ला यानं बाधा येत नाही. पण डॉयल यांचीच 'द स्पेकल्ड बँड' घेतलीत तर येते. मरणाऱ्या बाईच्या तोंडचा 'बँड' हा शब्द पट्टाही असू शकतो आणि टोळीही, आणि कथेतली माणसं या दोन अर्थांमध्येच चाचपडतात. मराठीत 'पट्टा' लिहिलं की टोळी गेली, 'टोळी' लिहिलं की पट्टा गेला. 'बँड' तसाच ठेवला तर आपल्याला लग्नाची वरात ऐकू येते. त्या कथेला मूळ इंग्रजी वाक्य सगळ्यांसमोर ठेवून दोन्ही अर्थ आधी सांगा. उलट त्यांच्याच 'सिल्व्हर ब्लेझ' या कथेत आपली बाजू वरचढ. डार्टमूरच्या तबेल्यावरच्या पोऱ्याला त्या रात्री जेवायला मटण करी असते. ज्यांनी आयुष्यभर मसाले भाजले, वाटले, त्या मंडळींना त्या ओळीवर मुद्दाम थांबवा आणि बोलू द्या.

माणसं सहा ते आठच ठेवा. अगाथा ख्रिस्ती यांच्या 1927च्या 'द ट्यूसडे नाइट क्लब'मध्येही सहाच जण बसतात, प्रत्येक जण पाळीपाळीनं कोडं सांगतो आणि उत्तर सापडतं ते शांतपणे विणकाम करत बसलेल्या मिस मार्पलना. जास्त माणसं झाली तर असे शांत लोक बोलतच नाहीत. म्हणून चिठ्ठ्या वाचायची सुरुवात त्यांच्यापासून करा.

पाकीट उघडून शेवट वाचला की लगेच उठू नका. पेन्सिल घेऊन पहिल्या पानांवर परत जा. विल्सनचा नोकर अर्ध्या पगारावर का आला, ते वाक्य शोधा, खाली रेघ ओढा, आणि ज्याच्या चिठ्ठीत ते होतं त्याला मोठ्यानं वाचायला द्या.