काचघर आणि काळी माती

नमस्कार मंडळी. बोलायला लागण्याआधी ही काच बघून घ्या. साधी काच आहे, ४ मिलीमीटर जाडीची. खालच्या डाव्या कोपऱ्यातून तडा निघालाय आणि तिरका वरपर्यंत गेलाय, मध्ये कुठेही फाटा फुटलेला नाही. दगड लागला असता तर चांदणीसारखे तडे उमटले असते. ही काच जुलै महिन्यात, वाऱ्याचा मागमूस नसलेल्या रात्री, आपली आपण तडकली. मला झोपेत आवाज आला. सकाळी जाऊन बघते तर काचघराचं दारही सरकेना.

मी तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली. निवृत्त झाल्यावर पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या घराच्या परसात काचघर बांधायचं हे फार वर्षांपूर्वीच ठरवलं होतं, कारण दर पावसाळ्यात माझे अडेनियम आणि निवडुंग मुळाशी कुजायचे. पुण्याच्या थंडीसाठी काचघर लागत नाही. ते लागतं जून ते सप्टेंबरच्या पावसासाठी, आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात कोवळी रोपं जगवण्यासाठी. आकार ठरवला ६ फूट बाय ८ फूट. अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन फॅब्रिकेटरकडून कापून, भोकं पाडून आणले. नट-बोल्ट बोहरी आळीतून, स्टेनलेस स्टीलचे, कारण साधा लोखंडी बोल्ट पावसात गंजून बसला की पुढे पाना लावूनही हलत नाही. जोडणी सगळी माझी.

चूक कुठे झाली ते सांगते. मला वाटलं, हलकं काम आहे, याला पाया कशाला? माती चोपून सपाट केली, त्यावर विटांचे दोन थर दिले आणि सांगाडा ठेवला. एप्रिल होता, जमीन दगडासारखी कडक होती. पण नदीकाठची आपली काळी माती म्हणजे बेसॉल्ट झिजून झालेली चिकणमाती. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. पावसाळ्यात तीच माती वर येते. दुमजली घराचं वजन तिला थोडंफार तरी दाबून धरतं. माझ्या काचघरात वजन होतंच कुठे? हलकी वस्तू ती अलगद उचलते. दाराजवळच्या कोपऱ्यात छपराचं पाणी पडत होतं, म्हणून तो कोपरा आधी भिजला आणि बोटभर वर आला. चौकट तिरकी झाली. काचेला तिरकं होता येत नाही. कोपऱ्यात ती धातूला टेकली आणि तिथूनच तडा निघाला.

ती चौकट मी पुढच्या डिसेंबरात पूर्ण उतरवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आज मी काचेपेक्षा जमिनीवर जास्त बोलणार आहे ते त्यामुळे.

सहा खड्डे घेतले, चार कोपऱ्यांत आणि दोन लांब बाजूंच्या मध्यावर. मुरूम लागेपर्यंत खणायचं. माझ्याकडे साडेतीन फुटांवर लागला. तुमच्याकडे दोनवर लागेल किंवा सहावर. कोथरूड-बावधनच्या उतारांवर तर फावडं लगेच खडकावर वाजतं. खड्ड्यात काँक्रीटचे खांब भरले आणि त्यांच्या भोवती माती न लोटता वाळू भरली, म्हणजे फुगणारी माती खांबाला पकडून वर ओढत नाही. खांबांवर काँक्रीटची तुळई टाकली. ही तुळई जमिनीला टेकलेली नाही. तिच्याखाली दोन इंच मोकळी जागा आहे, पावसाळ्यात माती त्या जागेत फुगते आणि दिवाळीनंतर परत खाली बसते. हे काम करायला गवंडी मदतीला होता. तुळई वर का ठेवायची हे त्याला पटायला अर्धा दिवस लागला. पटल्यावर मात्र त्याने माझ्यापेक्षा जास्त काळजीने ती अंतरं राखली.

आता काटकोन. ६ आणि ८ बाजू असलेल्या आयताचा कर्ण बरोबर १० येतो, छत्तीस आणि चौसष्ट मिळून शंभर. वर्गात हे मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिलंय. पण हातात टेप घेऊन, दोरी ताणून, एका खुंटीपासून समोरच्या खुंटीपर्यंत नेमके दहा फूट भरले तेव्हा जो आनंद झाला तो वेगळाच होता. दुसरा कर्णही मोजायचा. दोन्ही सारखे आले तरच गुण्या बरोबर. माझ्यात पहिल्यांदा ११ मिलीमीटरचा फरक होता. खुंट्या सरकवत सरकवत तो २ वर आणला आणि मगच साचा ठोकला. सपाटी बघायला पाणसळ चालते, पण आठ फुटांवर मला लेव्हल पाईपच भरवशाचा वाटतो. पारदर्शक नळीत पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका, दोन टोकांचं पाणी खोटं बोलत नाही.

सांगाड्याबद्दल थोडक्यात. दोन्ही त्रिकोणी टोकं जमिनीवर आडवी ठेवून जोडायची, मग उभी करून बांबूचा टेकू द्यायचा आणि शेवटी आढं बसवायचं. बोल्ट आधी सगळे सैल ठेवायचे. शेवटी पुन्हा कर्ण मोजायचे, भिंतींचे आणि पाख्यांचेसुद्धा, आणि मगच आवळायचे. तुळईवर टेकणाऱ्या पट्टीतली भोकं लांबट घ्या. जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत धातूच्या तापमानात पन्नासेक अंशांचा फरक पडतो, आणि आठ फुटांची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी तेवढ्यात जवळजवळ ३ मिलीमीटर वाढते.

काचेची मापं सांगाडा आवळून झाल्यावरच घ्यायची. कागदावरच्या नकाशावरून काच मागवू नका. छपराला मी ५ मिलीमीटरची टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेली काच घेतली, कारण वळिवात गारा पडतात आणि साध्या काचेच्या पात्या डोक्यावर पडल्या तर जीवावर बेतेल. टफन्ड काच फुटली तर तिचे खड्यांएवढे तुकडे होतात. पण भट्टीतून आल्यावर ती कापता येत नाही की घासता येत नाही. तिची कड हा तिचा सगळ्यांत नाजूक भाग. माझी एक काच नुसती शहाबादी फरशीवर कोपऱ्यावर टेकली आणि क्षणात सगळीच्या सगळी खाली ओघळली. तेव्हापासून काचा कायम लाकडी पट्ट्यांवर, गोणपाट घालून, उभ्या ठेवते.

बसवताना प्रत्येक काच चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना ३-३ मिलीमीटर कमी हवी. खाचेत रबर, त्यावर काच, वरून स्प्रिंगची क्लिप. काच धातूला कुठेही टेकता कामा नये. माझी एकेक काच २ फूट बाय २१ इंचांची, वजन चार किलोच्या आसपास, म्हणजे एकट्या माणसाला झेपते. पाख्यावर खालून वर जायचं, कौलं घालतो तसं: आधी पन्हळीकडची ओळ, मग आढ्याकडची, आणि वरची काच खालच्या काचेवर अर्धा इंच चढवायची. जास्त चढवली तर त्या फटीत शेवाळ धरतं, कमी चढवली तर जोराच्या सरीत पाणी उलटं चढून आत येतं. वरची काच घसरू नये म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचा आकडा करायचा, एक टोक खालच्या काचेच्या वरच्या कडेत अडकवायचं, दुसऱ्यात वरची काच टेकवायची. हा आकडा बसला की बोटांना कळतं. काच किंचित खाली येते आणि थांबते. सिलिकॉन फक्त आढ्याच्या सांध्यात, आणि तेही व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, ते धातू आणि सिमेंट दोन्ही खातं. न्यूट्रल मागा.

हवेचं विसरू नका. रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये दोन पेट्या उन्हात ठेवून बघितल्या होत्या, एकीवर काच आणि दुसरीवर खनिज मिठाची पारदर्शक पट्टी. मीठ उष्णतेचे किरण बाहेर जाऊ देतं, काच अडवते. तरी दोन्ही पेट्या जवळपास सारख्याच तापल्या. काचघर तापतं ते मुख्यतः आतली गरम हवा बाहेर जात नाही म्हणून. तेव्हा तिला वरून वाट द्या. जमिनीच्या क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्शाएवढे झरोके छपराला हवेत. माझ्या ४८ चौरस फुटांना तीन झरोके, मिळून साडेदहा चौरस फूट. इंग्रजी पुस्तकांत दिशेचा फार विचार असतो, पण आपल्याकडे मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य थेट डोक्यावर. दिशा कोणतीही घ्या, फेब्रुवारीच्या मध्यापासून ५० टक्क्यांची शेडनेट लागणारच. ती छपराच्या बाहेर, हातभर वर ताणा. आतून लावली तर ऊन आधी आत येतं आणि मग सावली पडते.

आणि पन्हळ. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलीमीटर पाऊस पडतो, म्हणजे एवढ्याशा छपरावरून तीन हजार लिटरच्या वर पाणी उतरतं. पहिल्या वर्षी ते सगळं दाराजवळच्या कोपऱ्यात मुरत होतं. आता ते पिंपात जातं, आणि पिंप भरलं की नळीने पार पेरूच्या झाडाशी. कुंड्यांना या पाण्याने पांढरे डाग पडत नाहीत, हा वरचा फायदा.

दर ऑक्टोबरात, माती वाळायला लागली की मी टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजते आणि दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवते. सहा ओळी झाल्यात. सर्वांत मोठा फरक ३ मिलीमीटरचा आहे. लेव्हल पाईप मी आज बरोबर आणलाय, चहानंतर बाहेरच्या ओट्यावर लावून दाखवते. दोघांनी पुढे या, एकेक टोक धरायला.